नव्वदच्या वेगाला येणारी थरथर

मी एक पिकअप गाडी बोलतेय. पुढे दोघांना बसायची केबिन, मागे सामानाचा उघडा हौदा, आणि हौद्यात काचा तिरक्या उभ्या करायची लाकडी चौकट. रंग राखाडी, वय तीन वर्षं. गाड्यांमध्ये हे ऐन उमेदीचं वय समजतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. वर झगझगीत दिवे होते, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या दाराला पाठ टेकून एक बाई डबा खायची. तिच्या पाठीची ऊब ही माझी माणसांशी पहिली ओळख.

शोरूममध्ये लोक गाडी बघायला येतात तेव्हा टायरला लाथ मारतात. का मारतात, देव जाणे. पण माझी मालकीण आली ती सरळ समोर गेली आणि बोटाच्या पेरानं पुढच्या काचेवर टकटक केली. तिच्याबरोबर एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ होते. त्यांनीही टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "काच बरी आहे."

"अप्पा, आपण गाडी घेतोय, काच नाही," मालकीण हसत म्हणाली.

दोघं बापलेक. खिडक्यांना, दुकानांना, जिन्यांना काचा बसवायचा त्यांचा धंदा. अप्पांनी तो चाळीस वर्षं केला. कण्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना जड उचलायची बंदी झाली आणि कारभार लेकीच्या हातात आला. गल्लीत तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते.

पहिले सहा महिने माझे फार सुखाचे गेले. महिन्यातून दोनदा आम्ही हायवेनं काचेच्या कारखान्यात जायचो. ताई माझा वेग नव्वदवर आणून ठेवायची आणि गाणं म्हणायची. तिचा आवाज बेसूर आहे. घरात ती कधी गात नाही, पण माझ्यात बसली की तिला कुणाची भीड नसायची. डांबर खालून सरसर मागे जायचं, इंजिन एका लयीत गुणगुणायचं, आणि मला वाटायचं, आपण याचसाठी जन्माला आलो.

मग माझी पहिली मोठी सर्व्हिसिंग झाली.

माझ्या पोटाखालून एक लांब नळी जाते. इंजिनाची ताकद ती मागच्या चाकांपर्यंत पोचवते. मिस्त्री लोक तिला शाफ्ट म्हणतात. ती दोन तुकड्यांची असते, आणि ते तुकडे नेमके कसे जुळवायचे हे कळावं म्हणून कारखान्यात दोन्हींवर पांढऱ्या रंगाची खूण करतात. सर्व्हिस सेंटरमध्ये तेलाची एक गळती दिसली, म्हणून शाफ्ट उतरवला. परत बसवणारा माणूस खांद्यात फोन दाबून घरच्यांशी भांडत होता. तुकड्यांच्या जोडातले दोन दाते पुढे सरकले. खुणा समोरासमोर आल्याच नाहीत. त्यानं बोल्ट आवळले आणि हात पुसले.

मला लगेच कळलं. पण देवानं मला हॉर्न दिला, जीभ दिली नाही.

गावातल्या रस्त्यावर काहीच जाणवायचं नाही. सत्तरच्या पुढे गेलं की माझ्या अंगात कापरं भरायचं आणि नव्वदला तर ते असह्य व्हायचं. पहिल्याच खेपेला ताईनं गाणं अर्ध्यावर सोडलं, वेग कमी केला, पुन्हा वाढवला. मी पुन्हा थरथरले. लाज वाटली मला.

त्यानंतर माझ्या वाऱ्या सुरू झाल्या. टायरवाल्यानं चाकांचं बॅलन्सिंग केलं, शिशाचे तुकडे ठोकले. थरथर तशीच. दुसऱ्यानं अलाइनमेंट केली. तिसऱ्यानं टायरांकडे बघून नुसती मान हलवली, म्हणून ताईनं चारही टायर बदलले. थरथर जागच्या जागी. सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला माणूस मला बाजारपेठेतून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, मला तर काहीच जाणवलं नाही. आणि या मॉडेलला एवढं असतंच."

"तुम्ही चाळीसच्या वर गेलात का?"

"ट्रॅफिक होतं ना, मॅडम."

ताईनं किल्ली घेतली आणि माझं दार असं आपटलं की माझे आरसे हलले. मी ते मनावर घेतलं नाही. तिचा राग माझ्यावर नव्हताच.

तरीही ताईनं कसंबसं निभावून नेलं असतं. पण त्याच सुमारास काकूंचा फोन आला.

अप्पांना एक धाकटा भाऊ. दोघांनी मिळून काचेचं दुकान काढलेलं. अकरा वर्षांपूर्वी एक भलीमोठी काच जिन्यावरून चढवताना पडली आणि फुटली. तुझ्या हातून सुटली, नाही, तुझ्याच हातून, असं करत बोलणं वाढलं. धाकटे आपला संसार उचलून साडेतीनशे किलोमीटरवर, समुद्राकाठच्या एका गावात निघून गेले. तेव्हापासून दोघांमध्ये अवाक्षर नाही.

त्या दिवशी ताई माझ्यातच बसलेली होती, म्हणून काकूंचा आवाज मला ऐकू आला. "यांची नजर चाललीय गं. आकार दिसतात, चेहरे लांबून ओळखू येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सहा महिने. फार तर आठ. भाऊजींना सांग, यायचं असेल तर आत्ताच या."

अप्पांनी ऐकलं आणि दोन दिवस ते दुकानाकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. "चल," एवढंच म्हणाले.

त्या गावाला रेल्वे जात नाही. बसमध्ये अप्पांना आडवं होता येत नाही, माझी सीट निदान मागे झुकते. डॉक्टरांनी थांबत-थांबत गेलं तरी चार तासांच्या वर प्रवास करायचा नाही, असं बजावलेलं. म्हणजे नव्वदनं गेलं तरच जमणार. आणि नव्वदला माझी ही तऱ्हा.

चाळीस किलोमीटरवर अप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. माझी प्रत्येक थरथर त्यांच्या कण्यात जाऊन रुतत होती.

"अप्पा, वळवू का?"

"मी काही बोललो का?"

"तुम्ही बोलत नाही म्हणूनच विचारतेय."

साठाव्या किलोमीटरला ताईनं गाडी वळवली. महिन्यानं पुन्हा निघालो. सीटवर दोन उशा, पाठीला पट्टा. तेव्हा पन्नासातच परतलो. त्या परतीच्या वाटेवर अप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण भंगारात गेलो असतो तर बरं झालं असतं.

ताईनं मला विकायचं ठरवलं. एक रोपवाटिकेवाला बघून गेला. त्याला हायवेशी कर्तव्य नव्हतं, शनिवारी येऊन घेऊन जातो म्हणाला. शुक्रवारी सकाळी ताई माझ्या कप्प्यातले कागद काढत होती, तेव्हा अप्पा काठी टेकत आले.

"विकायच्या आधी मला एक चक्कर मारून आण."

"कशाला? पुन्हा कळ मारेल तुम्हाला."

"तू हिला इतक्या जणांकडे नेलंस. दर वेळी एकटीच गेलीस. मी शेजारी बसतो, मला विचारलंस का कधी, नेमकं काय हलतंय म्हणून?"

ताईनं हातातले कागद परत कप्प्यात ठेवले. तिनं दार उघडून दिलं.

हायवेवर वेग नव्वद झाला. मी थरथरायला लागले. अप्पांनी डोळे मिटले आणि एक तळवा सीटवर, दुसरा दोन सीटांमधल्या पत्र्यावर टेकवला.

"तुझं स्टिअरिंग हलतंय?"

"नाही."

"मग पुढच्या चाकांच्या मागे का लागलीस? स्टिअरिंग गप्प आहे आणि माझं बूड हलतंय. म्हणजे दुखणं मागे आहे. आता गिअर काढ."

ताईनं गिअर न्यूट्रलला टाकला. इंजिनाचा आवाज बसला, थरथर तशीच राहिली.

"इंजिन नाही," अप्पा म्हणाले. "आणि चाकही नाही. चाक गदगदा हलवतं. हे बारीक आहे, मुंग्या आल्यासारखं. आपलं काच घासायचं मशीन आठवतं? त्याचा दांडा केसभर वाकला होता तेव्हा हाताला अस्संच लागायचं. चाकाच्या तिप्पट-चौपट वेगानं फिरणारं काहीतरी आहे, सीटच्या खालून मागे जाणारं." मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "हे कधी सुरू झालं?"

"त्या मोठ्या सर्व्हिसिंगनंतर... अप्पा, तेव्हा त्यांनी शाफ्ट काढला होता. बिलावर लिहिलंय."

मी जर माणूस असते तर त्या क्षणी गळ्यातच पडले असते.

ताईनं मला पेट्रोल पंपामागच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेलं. जाड भिंगाचा चष्मा, कानाला दोरी. त्यानं अप्पांचं सगळं म्हणणं न बोलता ऐकून घेतलं, मला वर उचललं, शाफ्टवरचा चिखल फडक्यानं पुसला आणि बॅटरी मारली.

"या बघा. एक खूण इथे, एक तिथे. बिचाऱ्या दोघी एकमेकींना शोधतायत." मग अप्पांकडे वळून म्हणाला, "कुठल्या गॅरेजात होतात तुम्ही?"

"काचेच्या दुकानात," अप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

पाऊण तासात काम झालं. रोपवाटिकेवाल्याला ताईनं फोनवरच नाही म्हणून सांगितलं. आणि शनिवारी सकाळी, तो मला न्यायला येणार होता त्याच वेळी, आम्ही समुद्राकडे निघालो.

तो प्रवास मी जन्मभर विसरणार नाही. सत्तर झाले, ऐंशी झाले. नव्वदला ताईनं श्वास रोखून धरला. मी पाण्यासारखी वाहत होते. शंभर किलोमीटरवर अप्पांनी हँडल सोडलं. दीडशेवर त्यांना झोप लागली, तोंड उघडं टाकून. आणि ताई अगदी हळू, त्यांची झोप मोडू नये अशी गुणगुणायला लागली.

काका फाटकाशी उभे होते. माझा आवाज ऐकून पुढे आले, आणि अप्पा उतरल्यावर दोघं समोरासमोर नुसतेच थांबले. मग काकांनी दोन्ही हातांत अप्पांचा चेहरा धरला आणि आपलं नाक जवळजवळ त्यांच्या नाकाला लावलं.

"म्हातारा झालास की रे दादा."

"दिसतंय का तुला?"

"एवढ्या जवळून दिसतंय."

अप्पांनी भावाची मनगटं धरली. "ती काच माझ्याच हातून सुटली होती."

"ठाऊक आहे मला. दुसऱ्या टोकाला मीच होतो ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललोच की. तूच ऐकलं नाहीस."

पुढचं मला ऐकू आलं नाही. काकू दोघांनाही हाताला धरून आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताईनं माझी काच पुसली, पाणी बघितलं, सीट मागे झुकवून तयार ठेवली. अप्पा पायरीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा नव्हता, घरातला बनियन होता. ते बघून मला अंदाज आला. ताईला जरा उशिरा आला.

"मी महिनाभर राहतो पोरी. याला अजून थोडं दिसतंय, तेवढ्यात दोघांनी मिळून समुद्र बघून घेतो. नंतर पेपर वाचून दाखवायला तरी कुणी हवं की नको?"

"आणि मी?"

"तुला काय झालंय? तुझी गाडी आता ठणठणीत आहे."

ताई हसली. परतीच्या साडेतीनशे किलोमीटरांत तिनं गाणं म्हटलं नाही. मी एकदाही थरथरले नाही. तरी मधूनमधून ती डोळे पुसत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की थोडं थरथरले असते तर बरं झालं असतं, निदान तिला माझ्यावर चिडता तरी आलं असतं.

त्या महिन्याचे आता नऊ महिने झालेत. काकांची नजर गेली. अप्पा त्यांना हाताला धरून रोज किनाऱ्यावर नेतात, असं फोनवरून कळतं.

मी गल्लीत उभी असते. सकाळी एका बंगल्याची खिडकी, दुपारी एका दुकानाचं शोकेस. तीन किलोमीटर इकडे, दोन तिकडे. चौथ्या गिअरच्या पुढे मी कित्येक दिवसांत गेले नाही. काचाही आता कारखान्याची गाडीच पोचवून जाते. शेजारच्या सीटवर मोजपट्टी, सिलिकॉनच्या नळ्या आणि हातमोजे पडलेले असतात. त्या वस्तूंना वजनच नसतं. दुखऱ्या पाठीनं सावकाश बसणाऱ्या माणसाचं वजन कसं असतं, ते मला माहीत आहे.

काल संध्याकाळी काम आटोपल्यावर ताई माझ्यात येऊन बसली. इंजिन चालू केलं नाही. काचा वर होत्या. तिनं फोन लावला.

"अप्पा, जेवलात?... काका बरे आहेत ना?... हो, गाडी छान आहे. अजिबात थरथरत नाही."

पलीकडून अप्पांचा आवाज आला, "मग इथवर आणून दाखव की."

"येते. कामं फार आहेत हो. पुढच्या महिन्यात बघते."

फोन ठेवून ती बराच वेळ स्टिअरिंगवर हात टेकून बसली. कामं फार नाहीत, मला ठाऊक आहे. तिच्या वहीतला रविवार कोराच असतो. तिला भीती वाटते की आपण गेलो आणि अप्पा म्हणाले, आता मी इथलाच, तर काय करायचं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, म्हणून माणसं प्रश्नच पुढे ढकलत राहतात.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी या गल्लीतून गेलात आणि एक राखाडी पिकअप उभी दिसली, तर काचेचं दुकान तिथेच शेजारी आहे. आत डोकावा आणि ताईला माझा एवढा निरोप सांगा: टाकी भरलेली आहे, हवा बरोबर आहे, रस्ता मला पाठ आहे. ते राहतील की परत येतील ते तिथे गेल्यावर कळेल. तू फक्त किल्ली फिरव.