मागच्या खोलीचा हक्क

बाहेर बसायचं म्हंजी अपमानच, मला काय कळत न्हाई व्हय? पन आमच्या घरात ते चार दिवस सोडले तर मला टेकायला जागा न्हाई. हॉलमधी मामांची, म्हंजी माझ्या सासऱ्यांची, सोसायटीवाली माणसं. बेडरूममधी आमचे हे, रांजणगावच्या कंपनीतनं नाईट करून आलेले, दिवसभर पडदे ओढून घोरत. स्वैपाकघरात तर मी जुंपलेलीच. म्हनून कावळा शिवला की मागच्या खोलीत शिलाई मशीन लावायची, दाराला कडी घालायची आन् गावातल्या बायकांची ब्लाउजं उरकायची. कुनी हाक मारीत न्हाई, कुनी चा मागत न्हाई.

तर महिला दिनाला ह्यांनी कंपनीत भाषण ऐकलं आन् घरी येऊन जाहीर केलं, "आजपासनं आपल्या घरात कुनी बाहेर बसायचं न्हाई. बंद!" मामांनी लगेच आमच्या वडगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. धडाधडा अंगठे आले.

"मागच्या खोलीत आता ट्रेडमिल ठेवू," हे म्हनले.

"अवो, बाहेर बसणं बंद करा, लई चांगलं. पन खोली मला ऱ्हाऊ द्या. मशीन कुठं लावू?"

"आगं, सगळं घर तुझंच हाय की!"

अस्सं डोकं फिरलं माझं! सगळं घर माझं, आन् मशीन गेली जिन्याखाली, चपलांत.

रविवारी टेम्पोतनं ट्रेडमिल आली. हे आन् टेम्पोवाला उचलून मागं गेले, तर खोलीच्या दारात आत्या, माझ्या सासूबाई, मांडी घालून बसलेल्या.

"हात लावू नका. मी बाहेरची हाय."

मामा कावरेबावरे झाले. "आगं, साठी उलटली तुझी! लोकं ऐकत्यात."

"ऐकू द्या की. ह्या घरात आल्यापासनं दार लावून पडायला मला एवढीच जागा मिळाली. ती बी घेताय व्हय? न्हाई उठत मी."

"आई, कायतरीच काय!" हे म्हनले. पन विटाळ बंद करणारा माझा नवरा बी तिथंच थांबला, पुढं पाऊल टाकंना. शेवटी ट्रेडमिल गोठ्यात नेऊन ठेवली.

"नीलम, मशीन आण आत," आत्या म्हनल्या.

मी आणली. हसू यायला पायजे हुतं, पन आला संतापच. घरात बसायला जागा मिळावी म्हनून त्या म्हातारीला चारचौघांत विटाळशी व्हावं लागलं.