तिसऱ्या सुईनंतर

तो पुस्तकं बांधायचा आणि त्याच छापखान्यात ती प्रुफं तपासायची. दोघंही चाळिशी ओलांडलेली. तिच्यावर त्याचा जीव होता, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. शेवटी लग्नाचं तिनेच विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

“माझ्या रक्तात कावीळ आहे. बी प्रकारची,” तो म्हणाला. “आठ वर्षांपूर्वी रक्तदानाला गेलो तेव्हा कळलं. मला त्रास काही नाही, पण रक्तातून, नवरा-बायकोच्या संबंधातून दुसऱ्याला होते. तुम्ही माझा नाद सोडा.”

तिने सोडला नाही. दवाखान्यात जाऊन तिने आधी स्वतःची तपासणी करून घेतली आणि आठवड्याने जेवणाच्या सुट्टीनंतर दंडावर कापसाचा बोळा दाबत त्याच्यासमोर उभी राहिली. “यावर लस आहे. सहा महिन्यांत तीन सुया. एक झाली.”

तिच्या वहिनीने कपाळाला हात लावला. “जगातली धडधाकट माणसं संपली का गं? आणि लस घेतली म्हणजे काय, रान मोकळं?”

“रान मोकळं मिळालं तरी पळायला गुडघे नकोत का, वहिनी?”

वहिनीला हसू आवरेना. तिसऱ्या सुईला तीच सोबत गेली.

पुढे महिन्या-दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. अहवाल वाचून नर्स म्हणाली, “छान. तुमच्या अंगात या काविळीविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती आलीय. काळजी नको.” त्याच महिन्यात दोघांनी नोंदणी कचेरीत सह्या केल्या.

पण आठ वर्षांची सवय एका अहवालाने थोडीच जाते! तो पलंगाच्या अगदी काठाला झोपायचा. कूस बदलायची तरी विचारून बदलायचा.

एका रविवारी सकाळी तो शेजारी वाटीत चिकटवायची खळ कालवून घरी पुठ्ठा कापत बसला होता. सुरी निसटली आणि बोटातून रक्ताची धार लागली. ती धावली.

“लांब राहा!” तो केवढ्याने ओरडला.

ती क्षणभर थबकली. मग कपाटातून पट्टी घेऊन आली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. “ओरडून झालं? दे बोट.”

त्याने बोट दिलं. तिने नीट दाबून पट्टी बांधली, फरशी पुसली आणि साबणाने खसखसून हात धुतले.

“घाबरलीस ना?” त्याने हळूच विचारलं.

“छे! लस घेतलीय, अक्कल गहाण नाही टाकली. रक्ताला हात लागला की धुवायचेच.”

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. “आठ वर्षांत माझं खरचटलेलंसुद्धा कुणाला बघू दिलं नव्हतं गं.”

ती ओल्या हातांनीच त्याच्याजवळ येऊन बसली. बांधलेलं बोट वर धरून त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. बराच वेळ कुणीच उठलं नाही. वाटीतली खळ पार वाळून गेली.