दृष्ट काढलेलं लेट्यूस

गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शुब्रा वस्तीतल्या आमच्या इमारतीचे सगळे मजले वर लोटले होते, कारण दृष्ट काढणाऱ्या शेख मबरूकने फुंकर मारलेल्या पेटीतलं लेट्यूस कोबीच्या गड्ड्याएवढं झालं होतं! आमच्या गच्चीवर माती नाही. पेट्यांतल्या पाण्यावर थर्मोकोल तरंगतो, त्याच्या भोकांत रोपं. शेजारच्या पेट्यांत तेच बी, तेच खतपाणी, पण रोपं काडीसारखी, पिवळट.

"दृष्ट लागलीय, दृष्ट!" अंगठ्यांनी भरलेला हात नाचवत शेख गरजला. "मी मत्सरी रोपं ओळखून उपटतो, उरलेल्यांवर फुंकर मारतो. बस्स!"

उपटलेली कोवळी रोपं तो न चुकता पिशवीत भरून घरी न्यायचा. लिंबू पिळलं की मत्सर त्याला छान पचत असावा.

इथवर गंमत होती. पण दृष्ट म्हटली की ती लावणारं कोणीतरी हवंच. शेखने डोळे मिटले आणि त्याचं बोट विधवा फौकियाकडे वळलं. तिला मूलबाळ नव्हतं. लोकांना एवढा पुरावा पुरला. तिची पेटी शेजारच्या उम्म लबीबच्या, म्हणजे लबीबच्या आईच्या, नवऱ्याने जिन्यात फेकली. तिला गच्ची बंद झाली, तिचा सलामही कोणी घेईना.

तिचं रडणं ऐकून इनायतबाई वर आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात.

"शेखसाहेब, ताकद फुंकरीत आहे की उपटण्यात?"

"फुंकरीत! उपटणं हा नुसता विधी."

"मग या पेटीवर फुंकर मारा, पण रोप एकही उपटायचं नाही. शेजारच्या पेटीतलं एकाआड एक रोप मी काढते, बिनफुंकरीचं. ती पेटी सांभाळेल फौकिया. रोज डोळे फाडफाडून बघेल ती!"

एवढ्या गर्दीत नाही कसं म्हणणार? शेखने गाल फुगवून फुंकलं.

काही आठवड्यांत फौकियाच्या 'वाईट नजरे'खाली लेट्यूस गुबगुबीत झालं. शेखच्या पेटीत रोपं एकमेकांच्या डोक्यावरून माना ताणत होती. खालची पानं सडली होती.

"मग मत्सरी रोपं कुठली?" उम्म लबीबने विचारलं.

"मत्सर कसला, बाई!" इनायतबाई म्हणाल्या. "पाणी सगळ्यांना पोटभर होतं, उजेड आणि वारा नव्हता. हावरेपणाने आपणच भोकं जवळजवळ पाडली. शेख मधली रोपं काढायचा, उरलेली पसरायची. आणि फार लांब लावाल तर गड्डे मोठे, पण मोजकेच. अंतर बेताचं हवं."

शेख केव्हाच जिना उतरत होता. "अहो, पिशवी विसरलात!" वरून कोणीतरी ओरडलं.

उम्म लबीब फौकियाचा हात धरायला गेली. फौकियाने तो मागे घेतला. "पेटी ज्याने फेकली, त्यानेच वर आणायची."

लबीबच्या बापाने ती वर आणली.

तेव्हा लोकहो, पीक बिघडलं तर उजेड बघा, वारा बघा, दोन रोपांतलं अंतर बघा. शेजारणीच्या डोळ्यांत काय शोधता? तिथे सापडेल ते तुम्हीच आणलेलं पाणी.