तक्त्यात न बसलेला अंगठा

मी भिंग बोलतोय. पितळेच्या कड्यातलं, शिंगाच्या मुठीचं, तळहातावर मावणारं. ज्यांना नीट दिसत नाही त्यांना दाखवायचं, हे माझं काम. पण ज्यांना बघायचंच नसतं, त्यांच्यापुढे मी तरी काय करणार? माझी उभी हयात अशाच माणसांच्या टेबलावर गेली. तेव्हा माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका.

मला कुणी घडवलं ते ठाऊक नाही. मला कळू लागलं ते बुलढाणा जिल्ह्यातल्या एका रजिस्ट्री कचेरीत. तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्याच बारा सह्यांचा खुलासा निघेल आणि त्यात मीच फुटका ठरेन. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. दारावरची जुनी पाटी खरवडून नवी रंगवली होती. आतल्या माणसांना मात्र कुणी खरवडलं नव्हतं.

माझे मालक उकंडराव, अंगठ्यांचे कारकून. शेताची खरेदी-विक्री करायला कुणी आलं की त्याचा ताजा अंगठा घ्यायचा, जुन्या वहीतला काढायचा आणि माझ्यातून दोन्ही ताडून बघायचे. जुळला तर माणूस खरा. उकंडराव डोळा बारीक करून एकेक रेघ बघत. सुरुवातीला मला ते आवडायचे, हे कबूल करतो.

आमच्या भागात एक अडचण होती. दिवाळीनंतर कपाशीची वेचणी लागते. वाळक्या बोंडांची टोकं बोटांत घुसतात, मागोमाग ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, येते, आणि पौषापर्यंत अंगठ्याच्या रेघा पार झिजून जातात. शाई लावून टेकवला तर कागदावर नुसता काळा ठिपका उमटतो. अशांना उकंडराव परत पाठवत.

"हातं घासले तुह्ये, बाई," ते म्हणत. "वीस दिवस कपाशीले हात लावू नोको, राती तेल लाव, मंग ये."

माणसं कुरकुरत जात, वीस-पंचवीस दिवसांनी येत, आणि रेघा परत उगवलेल्या असत. सगळे जुळत.

मग पुण्याकडचे एक नवे साहेब आले. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. आलेले, जुळले, परत, माणशी मिनिटं आणि चूक, असे पाच रकाने. साहेब महिन्यातून एकदा येत, माणसांकडे पाठ करून तक्त्यापुढे उभे राहत आणि देवळात आल्यासारखे मान डोलवत. मी असे विद्वान पुष्कळ पाहिलेत. यांना ताप आला तर नाडीऐवजी कॅलेंडर बघतील.

एप्रिलातल्या तपासणीत त्यांचं बोट अडलं. ऑगस्टात 'परत' तीन होते, जानेवारीत एकोणचाळीस. मिनिटं तीनावरून अकरावर गेली होती.

"थंडीत तुमचा हा कारकून झोपा काढतो," साहेब म्हणाले.

हेडक्लार्क माणिकराव साहेबांच्या सावलीलासुद्धा नमस्कार करणारे. त्यांनी आपली अक्कल पाजळली. "थंडीत लबाड लोक जास्त येतात, साहेब."

उकंडराव पुढे झाले. "साहेब, हे एकोणचाळीस लोकं खोटे नाहीत. मार्चात हेच पुन्हा आले अन् सारे जुळले. एकच माणूस तक्त्यात दोनदा बसून राह्यला."

"तक्त्यात तसा रकाना नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या हिवाळ्यात 'परत' शून्य दिसलं पाहिजे. नाहीतर बदली."

उकंडरावांची आई आंधळी होती. घराच्या भिंती चाचपत फिरायची, दुसऱ्या गावी ती एक दिवस जगली नसती. म्हणून ते भ्याले. हे मी समजू शकतो, माफ करू शकत नाही. पुढच्या डिसेंबरात त्यांनी मला खणात टाकलं आणि जो येईल त्याच्यापुढे 'जुळला' असा शिक्का मारायला सुरुवात केली.

तक्ता काय सुंदर झाला म्हणता! परत शून्य, चूक शून्य, माणशी एक मिनिट. दुसऱ्या तालुक्यांचे कारकून तो बघायला आणले गेले. माणिकरावांनी त्याला हार घातला. तक्त्याला.

त्याच महिन्यात महादेवराव नावाचा एक इसम एका बाईला घेऊन आला. मी खणात, मला फक्त आवाज आले. उकंडरावांनी बाईचं नाव विचारलं. उत्तर महादेवरावानंच दिलं. "झुंबरबाई. माह्या भावाची बायको." धप्पकन शिक्का पडला. एक मिनिट.

फेब्रुवारीत खरी झुंबरबाई आली. एका खेड्यातली विधवा. बापानं बक्षीसपत्रानं दिलेलं दोन एकर रान, तेवढाच तिचा आधार. ते विकल्याचा कागद दाखवून दिरानं तिला बांधावरून हाकललं होतं.

"म्या अंगठाच देला नाही, त शेत गेलं कसं?" तिनं विचारलं.

उकंडरावांनी मला बाहेर काढलं. तिचा अंगठा घेतला तर काळा ठिपका. खोटी बाई जुळली होती आणि खरी जुळत नव्हती. उकंडरावांनी मान खाली घालून तेच जुनं वाक्य सांगितलं, वीस दिवस.

"वीस दिवस हात बांधून बसू, त खाऊ काय?" ती म्हणाली. मग शाईचा अंगठा पदराला पुसत म्हणाली, "बसतो."

आणि बसली. दोन्ही हातांना तेल लावून फडकी गुंडाळली. शेजारच्या विमलबाईनं आपल्या भाकरीतले घास तिला भरवले, तिची वेणी घातली. एकविसाव्या दिवशी ती फडक्यांसकट कचेरीत आली. नेमके साहेब तपासणीला आलेले.

साहेबांनी तक्रार ऐकली आणि तक्त्याकडे बोट केलं. "डिसेंबरात चूक शून्य आहे. मग तुझ्या कागदात चूक कशी असेल?" असं म्हणून त्यांनी टेबलावरून मला उचललं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता तरी. त्यांनी मला तक्त्यावर धरलं आणि शून्य मोठं करून पाहिलं.

झुंबरबाईनं फडकं सोडलं. "मी अथी उभी हावो, साहेब," ती म्हणाली, "अन् तुम्ही कागद पाहून राह्यले."

तेव्हा उकंडरावांनी साहेबांच्या हातातून मला काढून घेतलं. झुंबरबाईचा ताजा अंगठा घेतला, शेजारी तिचा स्वीकाराचा अंगठा असलेलं बक्षीसपत्र ठेवलं, पलीकडे विक्रीचा कागद. तिच्या अंगठ्यावर शंख, बक्षीसपत्रावर तोच शंख, विक्रीच्या कागदावर चक्र. शाळेत न गेलेल्या पोरालाही कळलं असतं. साहेबांना वाकून बघावंच लागलं.

मग त्यांनी विचारलं, "हे आता कोणत्या रकान्यात बसवायचं?"

"चूक, साहेब," उकंडराव म्हणाले. "माही." आणि तक्त्यातलं ते शून्य खोडून त्यांनी स्वतःच्या हातानं एक लिहिला.

उकंडरावांची नोकरी गेली. आईला मात्र गाव सोडावं लागलं नाही. वर्षभरानं कोर्टानं तो कागद रद्द केला आणि झुंबरबाईनं आपल्या रानात कपाशी लावली. साहेब बढतीवर गेले. जाण्याआधी त्यांनी कचेरीला नवा छापील तक्ता पाठवला. त्यात चार रकाने आहेत. 'चूक' हा रकाना काढून टाकलाय.

तेव्हापासून त्या कचेरीत चूक म्हणून झालेली नाही. मी कपाटात पडून असतो, बाहेर शिक्के पडताना ऐकतो. ज्याला समोर उभं असलेलं माणूस दिसतं, त्यानं मला बाहेर काढावं, मी अजून धड आहे. बाकीच्यांनी हात लावू नये. काचेवर डाग पडतात.