साडेतीन तासांत अमेरिका

ओ, पाय उचला की जरा! मी आक्काबाईंची केरसुनी बोलतीय. शिंदीच्या पानांची, राहुरीच्या बाजारातली. मुक्काम देवळाली प्रवरा. आमच्या घरात कुनी गावाला निघालं, की ते पोचल्याचा फोन येईस्तोवर केर काढायचा न्हाई. तेवढीच माझी सुट्टी. नगर म्हंजे तासाभराची, पुनं म्हंजे साडेतीन तासांची.

अन् एक दिवस कळलं, आक्काबाईंची लेक, संस्कृती तिचं नाव, शिकायला अमेरिकेला निघालीय. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को, साडेतेरा हजार किलोमीटर! माझ्या तर काड्याच ताठ झाल्या. एवढी सुट्टी आमच्या सात पिढ्यांत कुना केरसुनीला मिळाली नसंल.

पन तिचा थोरला भाऊ रविराज, टेम्पोवाला, तिकीट वाचून म्हनला, "आई, पहाटे चारला उडतंय, सकाळी साडेसातला उतरतंय. तारीख बी तीच. साडेतीन तास!"

"एवढंच व्हय? एवढ्यात तर तुझा टेम्पो पुन्याला जातो."

"टेम्पोला खड्डे लागत्यात. वर कुठं खड्डे?"

बसा आता! गेली माझी सुट्टी.

पहाटे संस्कृतीचा फोन आला, "विमानात बसले." मग तिचा मोबाईल बंद. आठ वाजले तसं आक्काबाईंनी मला उचललं. "पोचली असंल. सामान घेत असंल." आदल्या संध्याकाळी निरोपाला आलेल्यांनी सांडलेला चिवडा, शेंगांची टरफलं, सगळं नेऊन टाकलं उकिरड्यावर.

नऊ वाजले. अकरा वाजले. फोन न्हाई. आक्काबाईंचा चहा गार झाला. बारा वाजता शेजारच्या नीलांबरी बाई आल्या. शाळेत भूगोल शिकवत्यात. तिकीट बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे साडेसात तिथले! तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं. प्रवास सोळा तासांचा आहे. आपल्याकडे आठ वाजतील रात्रीचे, तेव्हा उतरेल ती."

रविराज हळूच सटकायला लागला. आक्काबाई पांढऱ्याफटक.

"म्हंजे माझी लेक अजून वरच हाय? अन् मी केर काढला?"

"त्यानं काही होत नाही हो."

आक्काबाई ऐकत्यात व्हय! मला बगलेत मारलं, सुपली घेतली, उकिरड्यावर गेल्या, अन् देवाशप्पथ सांगते, केर भरून परत आनला! घरभर पसरला!

"रव्या, तो कोपरा राह्यला. तिथं टरफलं हुती."

रव्या मुठीमुठीनं टरफलं पेरत हुता. अन् मी जन्मात पहिल्यांदा उलटं काम करत हुते. लई हसले. मग आक्काबाईंनी मला दाराआड ठेवलं, अन् मोबाईल मांडीवर घेऊन बसल्या.

आठ वाजले. सव्वाआठ. मोबाईल वाजला!

"आई, पोचले गं! खरं सांग, केर न्हाई ना काढलास?"

आक्काबाईंनी घराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"न्हाई बाई. हे बघ, व्हिडिओवर दावते. कालचा चिवडा तसाच पडलाय."

आता मी निम्मी झिजलीय. पन संस्कृती दिवाळीला येऊन परत जानारे, तोवर टिकनार म्हंजे टिकनार! अख्खे सोळा तास यायचेत माझे. तिला भेटलात तर त्या चिवड्याचं काय बोलू नका हं. अन् उचला की पाय!