माह्या डोळ्याची दवाई

मले बसणं जमत नाही. म्हून मोतिबिंदूच्या आपरेशननंतर भंडाऱ्याच्या डाक्टरीणबाईनं म्हणलं, "रत्नाबाई, एक महिना वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही आन् शेतात तर पायच ठेवायचा नाही," तवा मले वाटलं का ह्यापरीस धूसर दिसत होतं तेच बरं होतं. ऐन कापणी चालू, बांधीत धान आडवं पडलेलं, आन् मी काळा चष्मा लावून छपरीत खुर्चीवर. उंटावरून शेळ्या हाकत. दिवसातून पन्नास बार तरी उठत असन मी त्या खुर्चीवरून.

दवाईच्या दोन बाटल्या देल्या होत्या. पांढऱ्या झाकणाची जंतूची आन् गुलाबी झाकणाची सुजेची. माह्या पोरानं, वीरेंद्रनं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळं लिहून ठेवलं होतं. सुजेची दवाई पहिल्या हप्त्यात दिवसाले सहा बार, मंग चार बार, मंग तीन, अशी उतरत न्यायची. आपल्या मनानं बंद करायची नाही, आपल्या मनानं वाढवायची नाही. एक बाटली एकाच माणसाची. हेही त्यानं लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

टाकायचं काम माह्या सुनेकडे, रेणूकडे. साबणानं हात धुवे, बाटली हलवे, खालची पापणी ओढे आन् वरतून एक थेंब सोडे. बाटलीचं टोक पापणीले लागू देत नसे. मंग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. मंग दुसऱ्या बाटलीसाठी दहा मिनिटं थांबायचं. दहा मिनिटं! तेवढ्या वेळात मी अख्खं आंगण झाडून काढलं असतं.

"आत्याबाई, हलू नका ना."

"मी का दगड आहो?"

ती हासे. भल्ली गरीब पोट्टी. लग्नाले चार वर्षं झाले, पण मले कधी उलटून बोलली नाही. मी म्हणीन ती पूर्व दिशा. मले त्याचा मोठा तोरा होता, खोटं कायले बोलू?

आमच्या मायनं आमाले शिकवलं होतं, का इस्तो आन् दवाई मागाले आलेल्या माणसाले नाही म्हणू नये. चुलीतला इस्तो देल्यानं आपली चूल विझत नाही, असं ती म्हणे. म्हून शेजारची सत्यभामाबाई डोळे चोळत आली, धानाचा कोंडा गेला म्हणे, तवा मी तिले गुलाबी बाटलीतला थेंब देला. तिले घटकाभरात थंड वाटलं. गावात झालं, रत्नाबाईजवळ डोळ्याची मोठी भारी दवाई आहे. वीरेंद्रले कळलं तसा तो तणतणला.

"आई, ते लोणचं नाही वाटाले. कागदावर काय लिहून आहे?"

"कागदावर तर सरकारही भल्लं काही लिहिते," मी म्हणलं. तो उठून बाहेर गेला. मले वाटलं मी जितली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सांजवेळी रेणू बांधीतून आली ते डाव्या डोळ्यावर हात ठेवून. भारा बांधता बांधता धानाचं टोक डोळ्यात गेलं होतं. डोळा लालभडक, पाणी थांबेना.

"आत्याबाई, उद्या मोहाडीच्या दवाखान्यात दाखवून येऊ का?"

आभाळ भरून आलं होतं. मजूर मोठ्या मुश्किलीनं भेटले होते, आन् कापलेलं धान भिजलं तर कोंब फुटतात. मी म्हणलं, "एवढ्याशासाठी मोहाडी कायले? हजाराची दवाई घरात पडून आहे. बस अशी, मान वर कर."

तिनं मान वर केली. मी टाकलं.

"वीरूले सांगू नको," मी म्हणलं. "तो उगाच कटकट करन."

सकाळी पाहते तं लाली अर्धी उतरली. दुसऱ्या दिवशी तं डोळा निरा साफ दिसे. मी छपरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होती, का पाहा, डाक्टरच्या वरताण. रेणू म्हणे, अजून खुपल्यावाणी होते. मी म्हणे, मंग बंद नको करू. दिवसाले चार बार तिले टाकत होती. बाटलीत दवाई किती उरली ते उजेडात धरून पाहत होती, आन् पुरली पाहिजे म्हून माह्या डोळ्यात दोनदाच टाकू देत होती. माहा डोळा जरासा दुखे, पण मी कोणाले सांगितलं नाही. वरतून वाटे, का पाहा, सासू असून सुनेसाठी आपल्या तोंडचा घास काढून राहिली.

सातव्या दिवशी सकाळी रेणू मले चहा द्याले वाकली. ऊन सरळ तिच्या तोंडावर होतं. तिच्या डोळ्याच्या काळ्या भागावर मले एक पांढरा ठिपका दिसला, तांदळाच्या कणीएवढा. पहिले मले तिच्या कपाळाची टिकलीही धड दिसत नसे. आता नवीन डोळ्यानं ती कणी साफ दिसली.

"हे काय आहे वं?"

"कालपासून त्या डोळ्यानं धुकं दिसते," ती म्हणाली. "ह्यायले सांगू नको म्हणलं होतं तुमी, म्हून कोणालेच बोलली नाही."

धान गेलं चुलीत. मी वीरेंद्रले हाक मारली आन् तिघंही मिळेल त्या बसनं भंडाऱ्याले निघालो.

बसमध्ये त्यानं तिले इचारलं, "काही टाकलं होतं का डोळ्यात?"

"नाही," ती म्हणाली. माहं तोंड उघडायच्या आंधी म्हणाली. खिडकीकडे पाहून म्हणाली.

तिनं मले वाचवलं होतं. मले कसं वाटलं म्हणान तं, पहिले बरं वाटलं. मंग त्या बरं वाटण्याचीच किळस आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. वाटेत कोणतं गाव आलं, कोण चढलं, कोण उतरलं, मले काहीच ध्यानात नाही. मी दोन बार जागा बदलली.

दवाखान्यात नंबर लागाले दीड घंटा होता. मी पाणी प्याले उठली, पंखा लावाले उठली, कंपाउंडरले नंबर इचाराले तीन बार उठली. चौथ्या बारले तो म्हणाला, "आजी, बसा ना एका जागी." वीरेंद्र मोबाईल उघडे आन् बंद करे. रेणू बाथरूमकडे गेली ते लवकर येईना, म्हून मी मागं गेली. तिथं ती आरशासमोर उभी राहून डोळ्यात थेंब टाकून राहिली होती. गुलाबी झाकणाची बाटली. घरून पर्समध्ये घेऊन आली होती.

"काय करतेस?"

"भल्ली आग होते, आत्याबाई. ह्यानंच थंड वाटते. तुमीच म्हणलं होतं, बंद नको करू."

तिनं झाकण लावलं, बाटली पर्समध्ये टाकली, आन् तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

डाक्टरीणबाईनं तिची हनुवटी मशीनवर ठेवून भल्ला वेळ पाह्यलं. काय लागलं इचारलं. धान म्हणलं तशी त्यांच्या कपाळावर आठी पडली. सुन्न करायची दवाई टाकून त्यांनी त्या जखमेवरचं उलसं खरवडून घेतलं, काचेवर लावलं आन् बाजूच्या खोलीत गेल्या. परत आल्या तं आवाज बदलला होता.

"बुरशी आहे. धानाच्या टोकानं, पाल्यानं अशी जखम होते आणि बुरशी आत जाते. मी औषध देते, जागी असेपर्यंत दर तासाला टाकायचं. डोळा वाचवायचा प्रयत्न करू. पण मला खरं सांगायचं, आतापर्यंत यात काय टाकलं?"

"काही नाही, मॅडम."

"घरातलं, शेजारचं, मेडिकलमधून आणलेलं? कोणाचं सुजेचं औषध?"

"नाही."

वीरेंद्र तिच्या मागं उभा होता. मी भिंतीजवळ. आता बोलली तं पोरगा जन्मभर तोंड पाहणार नाही, गावात सत्यभामाबाईच पहिले बोंब मारन, आन् मी एवढ्या लोकायसमोर तोंडघशी पडीन. हे सगळं माह्या डोस्क्यात आलं. लपवून काय सांगू, आलंच. पण पोट्टी घरी जाईल, नवीन दवाई टाकन, आन् आग झाली का माह्यावर इश्वास ठेवून तेही टाकन. दोन्ही टाकन. तिचा डोळा माह्या शब्दाखातर जाईल.

मी तिची पर्स ओढली. बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे टाकलं," मी म्हणलं. "तिनं नाही, मी. सात दिवस, दिवसाले चार बार. मोहाडीले जाते म्हणत होती, मी जाऊ देलं नाही. आन् आता अर्ध्या घंट्यापहिलेही तिनं माह्याच सांगण्यावरून टाकलं."

वीरेंद्र ओरडला असता तं बरं झालं असतं. त्यानं फक्त रेणूच्या खुर्चीवरचा हात खाली घेतला.

डाक्टरीणबाई रागावल्या नाही. त्यांनी बाटली हातात घेतली.

"हे औषध वाईट नाही, रत्नाबाई. तुमच्या डोळ्याला ते हवंच होतं. ऑपरेशननंतर सूज येते, ती या औषधानं उतरते. पण सूज म्हणजे शरीराची राखण असते. हिच्या डोळ्यात बुरशी शिरली होती आणि तुम्ही राखणदाराला झोपवलं. लाली गेली म्हणून बरं वाटलं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळालं. हे आजपासून बंद. पूर्ण बंद. आणि तुम्ही स्वतः किती वेळा टाकत होता?"

"दोनदा."

"मी चारदा सांगितलं होतं."

मंग मले मशीनवर बसवलं. माह्या डोळ्यात सूज राहिली होती. प्रेशरही पाह्यलं, ते ठीक होतं. त्या म्हणाल्या, हे औषध कमी टाकलं तर सूज राहते, जास्त दिवस टाकलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकते, म्हूनच मोजून देतो आन् तारखेले बोलावतो. जुनी बाटली त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. सत्यभामाबाईच्या पापण्यायलेही तिचं टोक लागलं होतं, तेही मी सांगून टाकलं. मले नवीन बाटली लिहून देली, रेणूले दुसरी.

घरी आल्यावर पहिला तास भरला तशी मी उठली. साबणानं हात धुतले आन् रेणूची बाटली घेतली.

"आई, तू हात नको लावू," वीरेंद्र म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं माह्यासोबत पहिलं बोलणं.

"टाकू द्या त्यायले," रेणू म्हणाली. पण मान वर केली नाही. माह्याकडे सरळ पाह्यलं. चार वर्षांत तिनं मले असं पाह्यलं नव्हतं. "आत्याबाई, ही कोणाची दवाई आहे?"

"तुही."

"कोणं देली?"

"डाक्टरीणबाईनं."

"नाव वाचा."

माहं शिक्षण चौथीपर्यंत. बाटलीवर मेडिकलवाल्या पोरानं मराठीत चिकटवलेल्या कागदावरचं नाव मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मंग तिनं मान वर केली. पहिला थेंब तिच्या गालावर पडला.

धान भिजलं, अर्धं काळं पडलं. कोणी त्याचं नाव काढलं नाही. सव्वा महिना मी तिच्या डोळ्यात तासातासाले थेंब टाकले, आन् माह्या डोळ्यात ती टाके, कॅलेंडरवर पाहून, जेवढे लिहिले तेवढेच. बोलणं कमी झालं होतं. ती आता माह्यासोबत हासत नव्हती. मले तिचा राग यावा असंही काही उरलं नव्हतं. मले राग माहाच येत होता, आन् तो कोणावर काढू?

शेवटच्या तपासणीले डाक्टरीणबाई म्हणाल्या, बुरशी गेली, डोळा वाचला. पण दाग राहिला, बरोबर मधोमध. नजर किती आहे ते पाहू. रेणूले खुर्चीवर बसवून चांगल्या डोळ्यावर झाकण धरलं. समोरच्या भिंतीवर अक्षरायचा तक्ता होता, वरतून मोठी, खाली जाता जाता बारीक.

रेणूनं पहिलं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीवर थांबली. मान इकडे केली, तिकडे केली.

"काही तरी आहे," ती म्हणाली. "पण धुकं आहे."

"पुढचं सांग, जमेल तसं."

"नाही दिसत, मॅडम."

वीरेंद्र खाली पाहून राहिला होता. मी तिच्या मागं बाकड्यावर बसून होती. मले दुसरी ओळ दिसून राहिली होती, तिसरी, चौथी, आन् सगळ्यात खालची, बाजरीएवढ्या अक्षरायची, तेही साफ दिसून राहिली होती. ती मी मनातही वाचली नाही.