गोळी झेलणारा ठोकळा आणि श्रीखंडाचा डबा

मित्रांनो, गोळ्या झेलणं हेच ज्याचं काम, असा मी जिलेटिनच्या घट्ट जेलीचा एक जुना ठोकळा आहे. घाबरू नका हं, मला काही दुखत नाही! शिकारीची गोळी हरणाच्या अंगात किती खोल जाईल, आत शिरून तिचं टोक कसं पसरेल, म्हणजे ती कशी फुलेल, हे आधी माझ्यात बघतात. मग मला वितळवून पुन्हा साच्यात ओतलं, की मी कोरा करकरीत. असं भाग्य कुणाला मिळतं, सांगा!

माझी मालकीण अनया. जन्मली, वाढली इथे अमेरिकेतल्या कॅरी गावात. गोळीचा अंदाज ती कॉम्प्युटरवर बांधते. "आई, गोळी नीट फुलली नाही ना, तर हरीण वूंडेड होऊन पळतं, तडफडतं. माझ्या गोळीने तसं होणार नाही," असं ती आपल्या आईला, म्हणजे मंजुषाकाकूंना सांगे. काकू पक्क्या शाकाहारी. "अगंबाई, काय मेलं हे काम!" म्हणून नाक मुरडत. पण शेवटच्या चाचणीला डबा घेऊन मैदानावर हजर! आज गोळी फुलली नाही, तर कंपनीचे डेलसाहेब अनयाचं सगळं काम बंद करणार होते.

काकूंनी माझी बर्फाची पेटी उघडली, मला उचलून उन्हात ठेवलं आणि माझ्या जागी श्रीखंड बसवलं. गार असलो तरच मी हरणाच्या अंगाइतका घट्ट; उन्हात मी मऊ पडत चाललो. रोज अनया आधी एक छर्रा मारून माझा घट्टपणा तपासते. आज घाईत तेच विसरली.

माझ्यावर लाल रेघ ओढून ती म्हणाली, "इथे थांबेल." धाड! गोळी न फुलताच आरपार गेली. डेलसाहेबांनी मान हलवली. अनयाचे डोळे भरून आले. माझा जीव नुसता तळमळत होता. अगं, मला हात तरी लाव!

तिने लावला. "हा इतका वॉर्म कसा? आई, तू याला बाहेर काढलंस?"

"मग? श्रीखंड आंबलं असतं की गं!"

डेलसाहेबही खो खो हसले. श्रीखंड बाहेर आलं, मी आत गेलो. तासाभराने छर्रा मारला, मी अगदी घट्ट! मग खरी गोळी आली. माझ्या पोटात फुलासारखी उमलली आणि बरोब्बर लाल रेघेवर थांबली. काकूंनीच आधी टाळ्या वाजवल्या. "आता नाही ना गं तडफडणार ते हरीण?" म्हणत लेकीला जवळ घेतलं. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

आता काकू स्वतःची वेगळी पेटी आणतात. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. माझ्यासारख्या मुक्या सोबत्यांना जपा. आणि आमचा निकाल ऐकून रडण्याआधी एकदा हात लावून बघा, आम्ही गार आहोत ना!